सात वाट्यांचा डबा

आम्हा सहा भावंडांत कुणीही नुसतं "साडेआठ वाजले" असं म्हटलं की उरलेले पाच जण एका सुरात "घेतली का?" असं ओरडतात. लग्नं होऊन या घरात आलेली माणसं मग आमच्याकडे बघत राहतात. त्यांना हा विनोद समजावून सांगावा लागतो आणि समजावून सांगताना त्यातला विनोद संपतो, कारण सुरुवात रक्ताच्या कॅन्सरपासून करावी लागते.

घर सांगलीच्या गावभागात. माजघरात सगळ्यांची अंथरुणं एका ओळीत, मधे एकच पंखा. मोठे काका म्हणजे अप्पा हळदीच्या अडतीवर हिशेब लिहायचे आणि मोठी काकू म्हणजे माई बाकी सगळं करायची. दादा आणि ताई ही तिची पोटची. आम्ही तिघं अप्पांच्या धाकट्या भावाची; त्यातलं शेंडेफळ म्हणजे धाकटी. आणि सांगलीला शाळा चांगली म्हणून आत्यानं पाठवलेला बाळ्या. तो 'चार महिन्यांसाठी' आला आणि पदवी घेऊन गेला. कोण कुणाचं हे जेवायला बसल्यावर कळायचं नाही, कारण रागावणारी एकच होती.

2001 साली घट बसायच्या आधीची धुणी काढली होती. वर्षाच्या गोधड्या, सतरंज्या, पडदे, सगळं घाटावर न्यायचं, आपटायचं आणि संध्याकाळपर्यंत वाळवून घरी आणायचं. त्या दिवशी दुसऱ्या गोधडीलाच माई पायरीवर बसली. माई बसलेली आम्ही त्याआधी कधी पाहिली नव्हती, म्हणून तो दिवस सहाही जणांना लख्ख आठवतो. बाळ्या तर तिनं नेसलेल्या लुगड्याचा रंगही सांगतो. दर वेळी वेगळा सांगतो, पण सांगतो.

तीन-चार महिने तिला जेवण जात नव्हतं. अर्ध्या भाकरीत पोट भरायचं. आजीनं त्या रात्री तिला आडवी पाडून पोट चाचपलं आणि डाव्या बरगडीखाली बोटं थांबवून म्हणाली, "पानथरी सुटलीया हिची." आजीच्या लहानपणी हिवतापानं पानथरी वाढलेली पोरं घरोघर असायची, त्यामुळे तिच्या बोटांना ते माहीत होतं. गल्लीतल्या डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं. पांढऱ्या पेशी चार ते अकरा हजार असाव्या लागतात. माईच्या एक लाख ऐंशी हजार आल्या. लॅबवाल्याला वाटलं, आपलंच एक शून्य जास्त पडलं. त्यानं रक्त पुन्हा काढलं. शून्य बरोबर होतं.

मग मिरज, कमरेच्या हाडातून मगज काढणं, मुंबईचा रिपोर्ट. नाव लांबलचक होतं, क्रॉनिक मायलॉइड ल्यूकेमिया. डॉक्टर सीएमएल म्हणायचे आणि घरात 'पेशींचं' म्हणायचे. कॅन्सर हा शब्द अप्पांनी घरात आणला नाही. पण आम्ही पोरं अडाणी नव्हतो. दूरदर्शनवर 'अखियों के झरोखों से' दोनदा लागून गेला होता. ब्लड कॅन्सर म्हणजे काय ते आम्हाला पक्कं ठाऊक होतं. सुंदर मुलीला होतो, आधी गाणी होतात आणि शेवटच्या रिळात ती जाते. माई सेहेचाळीस वर्षांची होती, रंगानं काळीसावळी, आणि तिला गाणं अजिबात येत नव्हतं. त्यामुळे निदान चुकलं असावं, असं ताईचं प्रामाणिक मत होतं.

पहिलं दीड वर्ष हायड्रॉक्सीयुरियाच्या कॅप्सूलवर गेलं. त्यांनी पेशी खाली यायच्या, पानथरी आत जायची. पण मुळावर घाव बसत नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. हा आजार काही वर्षं दबून राहतो आणि एक दिवस उसळतो. दुसरा रस्ता मगज बदलण्याचा. भारतात तो उपचार पहिल्यांदा 1983 साली मुंबईच्या टाटा हॉस्पिटलात झाला होता, म्हणजे शक्य तर होता. पण त्यासाठी भाऊ-बहिणीचं जुळावं लागतं आणि पैसा लागतो. माईच्या दोन्ही भावांचं जुळलं नाही. पैशाचा प्रश्न त्यामुळे आलाच नाही, याबद्दल मामांना सुटल्यासारखं वाटलं की वाईट, हे आम्ही अजून ठरवू शकलेलो नाही.

महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्री निघायचं, सकाळी मुंबईत उतरायचं, परळला रांग लावायची. मुक्काम दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत. दादा तेव्हा बारावीत. अप्पांना इंग्रजी बोलायची भीती वाटे म्हणून तो सोबत जायचा आणि परत आला की आम्हाला गोळा करून अर्धं समजलेलं सगळं सांगायचा. त्यानंच पहिल्यांदा सांगितलं की अमेरिकेत एक गोळी निघालीय. मे 2001 मध्ये तिला तिथं परवानगी मिळाली. ती फक्त बिघडलेल्या पेशीलाच धरते. नाव इमॅटिनिब.

दादाचा फिलाडेल्फियाचा तास तर आमच्या घरात गाजला. माणसाच्या पेशीतल्या नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांत बदलतात, आणि त्यातून एक आखूड बाविसावं तयार होतं. 1960 साली फिलाडेल्फियातल्या नॉवेल आणि हंगरफोर्ड या दोघांनी ते पाहिलं, म्हणून त्याला त्या गावाचं नाव. पण तो तुकडा जातो कुठं, हे 1973 मध्ये शिकागोच्या जॅनेट रौली या बाईंनी शोधलं. आणि त्या ते काम घरच्या जेवणाच्या टेबलावर करायच्या! गुणसूत्रांचे फोटो कात्रीनं कापून जोड्या जुळवायच्या, आणि त्यांची पोरं म्हणायची, आई कागदाच्या बाहुल्या खेळतेय. हे मात्र दादानं खूप नंतर वाचून सांगितलं. माईला बाकी सगळं शास्त्र विसरायला झालं, ही बाई तेवढी लक्षात राहिली. "स्वयंपाक कोण करत असंल तिच्या घरी?" एवढंच विचारलं होतं तिनं.

त्या बिघडलेल्या जोडातून एक प्रथिन तयार होतं आणि ते मगजाला सारखं 'पेशी काढ, पेशी काढ' असा हुकूम सोडत राहतं. गोळी त्या प्रथिनाच्या खाचेत जाऊन बसते आणि हुकूम थांबतो. रोज बसावी लागते. आमच्या घराला सगळं शास्त्र नंतर या एका शब्दात पुरलं: रोज.

आता पैशांचं. मूळ कंपनीच्या गोळीचा खर्च महिन्याला सुमारे 1 लाख 20 हजार रुपये. सोनं तेव्हा दहा ग्रॅमला साडेपाच हजारांच्या आसपास होतं. आजीला लिहिता येत नव्हतं पण सोन्याचा हिशेब यायचा. तिनं बोटांवर मोजलं आणि म्हणाली, "म्हंजे रोज रात्री अर्ध्या तोळ्याच्या वर सोनं गिळायचं." त्या रात्री कुणी जेवलं नाही, फक्त माई जेवली. 2003 च्या सुरुवातीला देशी कंपन्यांची हीच गोळी बाजारात आली, महिन्याला आठ ते दहा हजारांत. अप्पांचा पगार सहा हजार. तीन भावांनी वर्गणी काढली, आत्यानं पाटल्या मोडल्या, आणि जोहान्सबर्गला आपण वर्ल्ड कपची फायनल हरलो त्याच आठवड्यात माईनं पहिल्या चार कॅप्सूल घेतल्या. तेव्हा शंभर-शंभरच्या चार घ्याव्या लागत. चारशेची एकच गोळी पुढे आली. त्या आठवड्यात घरात दोन सुतकं होती असं बाळ्या म्हणतो. खरं तर एकच होतं, पाँटिंगचं.

पहिल्याच सकाळी माईनं चहाबरोबर कॅप्सूल घेतल्या आणि तासाभरात सगळं बाहेर. दुसऱ्या दिवशी तेच. आजीचा हिशेब तयार होता: "एक उलटी तीनशे रुपयांची." उलटीतून पडलेलं औषध भरून काढायला पुन्हा घ्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, त्यामुळे ते तीनशे गेलेच. अप्पांनी एसटीडी बूथवरून मुंबईला फोन लावला. उत्तर साधं होतं: रिकाम्या पोटी घेऊ नका, भरल्या जेवणावर घ्या, वर मोठा ग्लास पाणी प्या आणि लगेच आडव्या होऊ नका. आमच्याकडे पाणी प्यायला फुलपात्रं. माई ते एकच, तेही अर्धं, प्यायची, कारण सहा पोरांना वाढता वाढता बाईमाणूस तेवढंच पिते. मग तिच्यासाठी तांब्या ठरला. रात्रीचं जेवण आठला, ताकभातानं संपायचं, साडेआठला गोळी, अख्खा तांब्या पाणी आणि त्यावर अंगणात शतपावली. शतपावलीला सोबत म्हणून आम्ही. उलट्या थांबल्या. मळमळ राहिली, पण ती तिला सहा गरोदरपणांची ओळखीची होती. दोन तिची, बाकीची जावेची आणि नणंदेची तिनंच काढलेली.

गोळी चुकायला नको हे डॉक्टर दर खेपेला सांगत. घेतली की नाही हेच आठवत नाही, ही माईची खरी अडचण. आणि चुकली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घ्यायची नाही. तेव्हा तिनं फडताळातून जुना मिसळणाचा डबा काढला. पितळेचा, आत सात वाट्या. मोहरी, जिरं, हळद, हिंग, मेथी बाहेर. आणि सात वार आत. दर रविवारी दुपारी पट्ट्या कात्रीनं कापून (पट्टीतून गोळी मोकळी काढायची नाही, ओल लागते) एकेका वाटीत एकेका दिवसाचं औषध. सोमवारची वाटी मधली, कारण सोमवार तिच्या उपासाचा. आता औषधाच्या दुकानांत वारांची नावं घातलेल्या प्लॅस्टिकच्या डब्या मिळतात. त्यांना आमच्या घरात कधी मान मिळाला नाही. डबा कितीही घासला तरी मोहरीचा वास गेला नाही. मुंबईच्या डॉक्टरीणबाईंना तिनं हे सांगितल्यावर त्या हसल्या आणि दुसऱ्या बायकांना सांगायला लागल्या.

डब्याच्या जोडीला भिंतीवरचं कालनिर्णय. गोळी घेतली की त्या दिवसाच्या चौकोनात लाल बॉलपेननं फुली. फुलीची पाळी आमची, आठवड्याला एक जण. ज्याची पाळी त्यानं साडेआठला "घेतली का?" असं ओरडायचं, माईनं "घेतली" म्हणायचं, मग फुली. दूधवाल्याच्या खाड्यांची खूण निळी, गोळीची लाल. वहिनी दादाच्या लग्नानंतर या पाळीत आली आणि तिला दिवस गेल्यावर तिला पट्ट्या कापायच्या कामातून काढलं, कारण तुटकी गोळी गरोदर बाईच्या हाताला लागू नये. पहिल्या तीन महिन्यांत सांगायचं नाही म्हणून बातमी लपवली होती. रविवारी कात्री ताईच्या हातात दिसली आणि गल्लीला कळलं.

सगळ्यात मोठी गंमत, म्हणजे आता गंमत, डोळ्यांची. या गोळीनं अंगात पाणी धरतं आणि ते आधी पापण्यांत उतरतं. सकाळी उठली की माईचे डोळे सुजलेले, लालसर, रात्रभर रडल्यासारखे. जी बाई निदान ऐकून रडली नाही, सासरा गेला तेव्हा स्वयंपाकघरात जाऊन तवा घासत बसली, ती रोज सकाळी सडा घालायला बाहेर आली की गल्लीला वाटे, हिला घरात जाच आहे. आजीची त्यात फार बदनामी झाली. समोरच्या काकू तर एकदा आजीला थेट म्हणाल्या, "आजारी सुनंला तरी नीट वागवा की वो." आजी आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी तिनं माईला सकाळी ओढत त्यांच्या दारात नेलं आणि म्हणाली, "इचारा हिला!" माईला इतकं हसू आलं की डोळ्यांतून खरंच पाणी आलं, आणि प्रकरण आणखी बिघडलं.

मीठ कमी करा, उशी उंच घ्या, वजन रोज बघा, असं डॉक्टरांनी सांगितलं. वजन एकदम वाढलं तर अंगात पाणी साठतंय असं समजून कळवायचं. घरात वजनकाटा नव्हता. अप्पा तिला अडतीवर नेत आणि हळदीच्या पोत्यांच्या काट्यावर उभी करत. हमाल बाजूला होऊन आदबीनं उभे राहायचे. परत येताना तिच्या पदराला हळद. लोणचं, पापड, सांडगे तिच्या पानातून गेले आणि आश्चर्य म्हणजे आमच्याही पानातून गेले. कुणी तसं ठरवलं नव्हतं. भडंगाची पिशवी मात्र अप्पा अडतीवरच्या गल्ल्यात लपवून ठेवायचे, हे त्यांच्या माघारी समजलं.

रात्रीचे वांब हे आमचं खातं. दोन-अडीचला अंधारात "अगं आई गंऽ" असा आवाज आला की ओळीतलं जे पोर जवळ असेल त्यानं उठायचं, तिच्या पायाचा अंगठा धरून नडगीकडे ओढायचा आणि पोटरीतला गोळा विरघळेपर्यंत धरून ठेवायचा. दगडासारखी पोटरी हातात कशी हळूहळू मऊ पडते हे आम्हा सहाही जणांच्या तळहातांना माहीत आहे. डॉक्टरांनी कॅल्शियम-मॅग्नेशियम तपासलं, पाणी भरपूर प्यायला सांगितलं, झोपण्याआधी भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणायला सांगितलं. ती ताणायची तेव्हा आम्ही तिच्या मागे ओळीनं भिंत ढकलत उभे. घर पडायचं राहिलं ते नशीब. आज आमच्यापैकी तिघांना चाळिशीत स्वतःचे वांब येतात, आणि शेजारी झोपलेल्या माणसाला अंगठा ओढता येत नाही ही तक्रार लग्नाच्या तक्रारींत बरीच वर आहे.

आठेक महिन्यांनी तिची कातडी उजळू लागली. काळीसावळी माई गव्हाळ झाली, मग गव्हाळाच्याही पुढे गेली. रंग तयार करणाऱ्या पेशींनाही ही गोळी जरा आवरते, असं त्यामागचं कारण. हे दुष्परिणामांच्या यादीतलं आहे, पण आपल्याकडे त्याला दुष्परिणाम कोण म्हणणार? हळदीकुंकवाला बायका तिला विचारायच्या, "काय लावता हो?" तीस वर्षं काळी म्हणून जिचं लग्न कसं अडलं होतं याची कथा सांगितली जायची, तिला आता चुलतसासूनं "उजळलीस गं बाई" म्हटलं. माई घरी येऊन म्हणाली, "तीस वर्षांपूर्वी दिली असती ही गोळी तर हुंडा वाचला असता." आणि आरशाकडे बघितलंही नाही. ताईला मात्र ते लागलं. तिचा रंग माईचा, जुना. आई आपल्यासारखी दिसेनाशी झाली, असं ती तेव्हा मला म्हणाली होती; मी ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. काही रुग्णांचे पांढरे केस या औषधानं पुन्हा काळे झाल्याचीही नोंद आहे. ते माईला दादानं वाचून दाखवलं, आणि आपले तेवढे झाले नाहीत, याचं तिला रंगापेक्षा जास्त वाईट वाटलं.

पथ्याच्या कागदावर ग्रेपफ्रूट खाऊ नये असं होतं. सांगलीत ग्रेपफ्रूट कुणी बघितलं होतं? आजीनं चौकशीअंती ते पपनसाच्या कुळातलं आहे असा निकाल दिला आणि गौरी-गणपतीच्या फुलोऱ्यातून पपनस हद्दपार केलं. गंमत म्हणजे डॉक्टरीणबाईंनीही ते बरोबर ठरवलं: ते कूळ आतड्यात औषधाची मोड होऊ देत नाही, औषध रक्तात जास्त साचतं. खरी डोकेदुखी फळांची नव्हती, पाहुण्यांची होती. कुणी गव्हांकुराचा रस आणे, कुणी गुळवेलीचा काढा, कुणी एका महाराजांची पुडी. साधी तापाची गोळीसुद्धा विचारल्याशिवाय घ्यायची नाही, असं सांगितलेलं. माई प्रत्येकाचा काढा हसून घ्यायची, "जेवणानंतर घेते" म्हणायची, आणि तो तुळशीला जायचा. ती तुळस दोनदा वाळली. आम्हाला औषधशास्त्र इथं कळलं.

गोळी सुरू झाली त्या वर्षीच्या पावसाळ्यात एकदा पेशी जास्तच खाली गेल्या. हिरड्यांतून रक्त, दंडावर जांभळे डाग. प्लेटलेट कमी झाल्या होत्या. तीन आठवडे गोळी बंद ठेवायला सांगितली. सुरुवातीच्या महिन्यांत असं होतं, पेशी वर आल्या की पुन्हा सुरू करतात, हे आम्हाला सांगितलं होतं आणि तरी कुणी ऐकलं नव्हतं. रिकाम्या सात वाट्या रोज साडेआठला उघडून बघायच्या. कालनिर्णयावर फुली मारायची नाही तर काय मारायचं, यावर धाकटी आणि बाळ्या भांडले. शेवटी धाकटीनं त्या चौकोनांत टिंबं दिली. एकवीस टिंबं.

नोव्हेंबर 2003 मध्ये मूळ कंपनीला, नोव्हार्टिसला, भारतात या औषधाच्या विक्रीचा अनन्य हक्क मिळाला. वर्तमानपत्रातली ती बातमी अप्पांनी कापून खिशात ठेवली आणि दोन दिवस कुणाला दाखवली नाही. देशी गोळी बंद झाली तर? पण त्याच कंपनीचा, ज्यांना परवडत नाही त्यांना औषध फुकट देण्याचा कार्यक्रमही 2002 पासून चालू होता. दादानं तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत उत्पन्नाचे दाखले गोळा केले. एका कचेरीत त्याला विचारलं, "कॅन्सर आहे तर उत्पन्नाचा दाखला कशाला, मृत्यूचा लागेल ना?" दादा आज स्वतः सरकारी नोकरीत आहे आणि दाखल्याला आलेल्या माणसाला आधी खुर्ची देतो. 2004 मध्ये माईचं नाव लागलं. आत्याच्या पाटल्या मात्र परत झाल्या नाहीत. ती अजून तो हात पुढे करून दाखवते.

पुढची कथा पेपरात आली तशी. 2006 मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयानं कंपनीचा पेटंटचा अर्ज फेटाळला, प्रकरण वर वर गेलं. कॅन्सर रुग्णांसाठी काम करणारी मुंबईची एक संस्थाही विरोधात उभी होती. 1 एप्रिल 2013 ला सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती रंजना देसाई यांनी कंपनीचं अपील फेटाळलं. बाळ्या तेव्हा वकिली शिकत होता. त्यानं कलम 3 (ड) माईला समजावलं ते आम्ही अजून वापरतो: "माई, साखर ठाऊक असलेली आहे. कुणी तिची खडीसाखर केली, चकचकीत स्फटिक काढले, आणि म्हणाला मी नवा शोध लावला, मलाच विकू द्या. कोर्ट म्हणतं, गुण वाढला असंल तर दाखव." माईनं सगळं ऐकलं. "म्हणजे गोळी महागणार न्हाई?" नाही. "पण ज्यांनी इतकी वर्षं फुकट दिली, तेच हरले म्हणायचं." तिला ते बरं वाटलं नाही. बाळ्यानं तिला बाजारपेठ समजावण्याचा प्रयत्न केला. ती म्हणाली, "त्ये बरोबर असंल. पण खाल्लंय मी त्यांचं." मला विचाराल तर निकाल योग्यच होता, आणि माईही चुकत नव्हती, ही दोन वाक्यं मला अजून एका ओळीत नीट बसवता आलेली नाहीत.

दर तीन महिन्यांनी, पुढे सहा महिन्यांनी, रक्तातल्या त्या बिघडलेल्या जोडाची तपासणी. रिपोर्टचं नाव बीसीआर-एबीएल. आजी त्याला क्रिकेटचं काहीतरी समजायची. आकडा टक्क्यांत येतो आणि 0.1 च्या खाली गेला की डॉक्टर खूश. आमच्यातल्या धाकट्या दोघांना अपूर्णांक याच रिपोर्टांवर शिकवले गेले. पॉइंट शून्य आठ मोठं की पॉइंट एक, हे शाळेत विचारल्यावर धाकटीनं उत्तर दिलं, "पॉइंट एक वाईट." गुरुजींनी अर्धा गुण कापला.

2005 च्या पुरात पाणी पायरीला लागलं तेव्हा अप्पांनी अडतीच्या वह्या काढल्या, आजीनं देव काढले आणि धाकटीनं न सांगता मिसळणाचा डबा फ्रॉकमध्ये गुंडाळून वर नेला. रात्री साडेआठला वरच्या मजल्यावर, मेणबत्तीत, ताकभात नव्हता. चिरमुरे होते. भरल्या पोटी म्हणून माईनं ते पायलीभर खाल्ले.

हे सगळं आता कॉलेजातल्या पोरांना सांगितलं तर जुन्या काळच्या गोष्टी वाटतात. आजी गेली, अप्पा गेले. दोघंही माईच्या आधी. तिच्या निदानाच्या वर्षी आजीनं तिच्यासाठी जे काही मनाशी धरलं होतं, ते बघायला आजी राहिली नाही, आणि आजीचं सगळं दुखणं माईनं काढलं. काही वर्षांपूर्वी डॉक्टरांनी नवीनच विषय काढला: इतकी वर्षं आजाराचा मागमूस नाही, गोळी बंद करून बघायची का? परदेशांतल्या अभ्यासांत अशा माणसांपैकी साधारण निम्म्यांचा आजार परतला नव्हता, आणि ज्यांचा परतला त्यांच्यावर पुन्हा गोळी सुरू केल्यावर तो बहुतेक आवरला होता. फक्त सुरुवातीला दर महिन्याला रक्त तपासायचं. आम्ही सहा जण फोनवर दोन तास भांडलो. माईनं एकच विचारलं, "निम्म्यांत मी कुठल्या बाजूची, ते सांगता येतंय का?" येत नाही. "मग राहू दे. सवत असती तरी एवढ्या वर्षांत हलवली नसती." डॉक्टरांनी डोस मात्र कमी केला. वांब जवळजवळ गेले. तिला रात्री चुकल्यासारखं होतं म्हणे.

2019 च्या ऑगस्टमध्ये पाण्यानं 2005 ची खूण मागे टाकली. माईला बोटीतून काढलं, डबा तिच्या मांडीवर. घर आठवडाभर पाण्यात होतं. पाणी उतरल्यावर आम्ही सहाही जण आलो, पुण्याहून, मुंबईहून, एक जण बेंगळुरूहून. चिखल काढता काढता खालच्या ट्रंकेत कालनिर्णयांचा गठ्ठा सापडला. तिनं एकही टाकलं नव्हतं. 2003 पासूनची सगळी, फुगलेली, एकमेकांना चिकटलेली. गच्चीवर ओळीनं वाळत घातली, प्रत्येकावर वीट. लाल फुल्या पसरून गुलाबी झाल्या होत्या, पण मोजता येत होत्या. कुणाचं अक्षर कुठलं ते फुलीवरूनही कळत होतं. दादाची ठसठशीत, बाळ्याची घाईत चौकोनाबाहेर गेलेली. धाकटीची एकवीस टिंबं सापडली.

आणि 2009 च्या पानावर एक चौकोन कोरा होता. ताईच्या लग्नाचा दिवस.

सगळे गप्प झाले. दहा वर्षांनी ते बघून ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या लग्नाच्या गडबडीत आईची गोळी चुकली, असं ती म्हणायला लागली. पाळी कुणाची होती यावरून बाळ्या आणि दादा एकमेकांवर ढकलायला लागले. वहिनीनं सगळ्यांना चिखलाच्या हातांनी चहा दिला. माई खुर्ची ओढत आली, चष्मा कपाळावरून खाली घेतला, पान जवळ धरून बघितलं.

"घेतली होती की," ती म्हणाली. "विहिणीच्या पंगतीला बसून घेतली. मोठ्या ग्लासानं. फुली मारायला तुमच्यातलं शुद्धीवर होतं का कोण?"

आणि बाळ्याच्या खिशातलं पेन मागून घेतलं.